पत्ता आपला, पेटी कोणाची?



जर्मनीत नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळतो. इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच. पाकिटावर रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव एवढेच असते, आणि पोस्टमन खालच्या पेट्यांच्या रांगेत ते आडनाव शोधतो. पेटीवर नावाची चिठ्ठी नसेल तर पत्र आल्या पावली परत जाते; मग ते बँकेचे असो, क्रांकेनकासेचे असो की आउसलेंडरबेहोर्डचे. म्हणून आपण सहस्रबुद्धे किंवा क्षीरसागर हे नाव त्या बोटभर चिठ्ठीत कसे बसवायचे याची कसरत आधी करतो आणि पलंग आणायला मग जातो.

कागदी पत्रांच्या बाबतीत आपण इतके दक्ष असतो. पण ज्या ई-मेलवर आज मुलांची शाळा, किटा, घरमालक, विमा, इथली आणि भारतातली बँक अशी सगळी दुनिया येऊन थांबते, त्या पेटीवर नाव कोणाचे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. अलीकडे काही सभासदांनी मात्र हा विषय काढला आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : फुकटच्या सेवेतून बाहेर पडायचे नक्की केले आहे. आपल्या मंडळात संगणकावर पोट असणारे निम्मे लोक. मग स्वतःचा मेल-सर्व्हर स्वतःच का चालवू नये? की दरमहा पैसे मोजून एखाद्या कंपनीकडे पेटी घ्यावी? एका घरात तर यावरून नवराबायकोत दोन तट पडले आहेत असे कळते!

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पत्ता स्वतःच्या मालकीचा असावा, पेटी सांभाळायचे काम पैसे देऊन जाणत्याकडे सोपवावे, आणि किल्ली घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावी. हे मत कसे बनले ते आता सविस्तर पाहू.

घर तेच, पत्ता दुसरा

पत्ता ही काय चीज आहे, हे टपालखात्याकडून शिकावे. भारतातला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची गावे, निरनिराळ्या लिप्या, वाचता न येणारी अक्षरे, या सगळ्यातून पत्र नेमक्या ठिकाणी जावे म्हणून त्यांनी ही योजना आखली.

जर्मनीत पूर्व आणि पश्चिम एकत्र आल्यावर उलटा प्रकार झाला. दोन्हीकडे चार आकडी क्रमांक होते आणि ते एकमेकांशी टक्कर घेत होते. शेवटी १ जुलै १९९३ पासून सगळ्या देशाला पाच आकडी क्रमांक मिळाले. त्या वेळी इथे असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल : घरातली खुर्चीसुद्धा हलली नाही, पण सगळ्या गोतावळ्याला नवा पत्ता कळवावा लागला.

ई-मेलमध्येही हेच होते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, पण जर्मनीत 'जी-मेल' या नावाचा हक्क आधीच एका जर्मन उद्योजकाकडे होता. कोर्टकज्जे झाले, आणि २००५ पासून २०१२ पर्यंत इथे नवे खाते उघडणाऱ्याला 'गूगलमेल डॉट कॉम' अशी शेपटी मिळत असे. भारतातल्या भावाचा पत्ता जीमेल आणि इथल्या बहिणीचा गूगलमेल! कारण काय, तर हाम्बुर्गच्या कोर्टातला एक दावा, ज्याच्याशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता.

दुसरे उदाहरण डे-मेलचे. सरकारी कामकाजासाठी भरवशाची ई-मेल असावी म्हणून २०११ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला, मोठमोठ्या कंपन्या पुढे आल्या. परंतु लोकांनी ती फारशी वापरली नाही, आणि २०२२ मध्ये टेलिकॉमने आपली डे-मेल सेवा बंद केली. ज्यांनी तो पत्ता घेतला होता त्यांना दुसरीकडे सोय पाहावी लागली. पाठीशी कायदा आणि एवढी मोठी कंपनी असूनही ही गत, तर बाकीच्यांचे काय सांगावे?

तात्पर्य, शेपटी दुसऱ्याच्या नावाची असली की आपण 'केअर ऑफ' राहतो. स्वतःचे डोमेन घेतले की पाटी आपली होते. उद्या कंपनी आवडेनाशी झाली तर पेटी उचलून दुसरीकडे न्यावी, पत्ता तोच राहतो. नाशिकच्या मावशीला काही कळवावे लागत नाही. 'डॉट डे' या शेपटीची नोंदवही फ्रँकफुर्टची डेनिक ही सहकारी संस्था सांभाळते. तिच्याकडे आज १ कोटी ७० लाखांहून अधिक नावे आहेत. वर्षाला साधारण १० ते २० युरोंत आपले नावही त्या वहीत लागते. नाव निवडताना मात्र ते फोनवर जर्मन कारकुनाला सांगता येईल असे घ्यावे. 'क्ष' आणि 'ज्ञ' रोमन अक्षरांत सांगताना काय होते ते आपण सगळे जाणतोच.

स्वतःचा सर्व्हर : हौस आणि मोल

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाटी आपली झाली, मग पेटीही आपल्याच घरात का नको?

एके काळी सगळ्यांचे असेच होते. जर्मनीत इंटरनेटवरून पहिली ई-मेल ३ ऑगस्ट १९८४ रोजी कार्ल्सरूह विद्यापीठात मिखाएल रोटर्ट यांच्या पेटीत आली. त्या काळी प्रत्येक विद्यापीठ स्वतःचा सर्व्हर चालवी आणि एक सर्व्हर दुसऱ्यावर विश्वास ठेवी. वाड्याचा दरवाजा दिवसभर उघडा असावा तसा प्रकार होता. पुढे जाहिरातबाज आणि भामटे शिरले, आणि प्रत्येकाने दाराला कडी घातली. आज अडचण आहे ती या कडीची.

आजही पत्रे घेणे अवघड नाही. पोस्टफिक्स आणि डवकॉट हे दोन जुने, फुकट आणि भरवशाचे प्रोग्रॅम आहेत. सगळे एकत्र बांधून दिलेला मेलकाऊ नावाचा तयार संचही आहे, तोही जर्मनीतच बनलेला. सर्व्हर दोन दिवस बंद पडला तरी पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे आलेले पत्र लगेच हरवत नाही. हौशी सभासद हे सांगतात ते बरोबर आहे.

गाडी अडते ती आपले पत्र दुसऱ्याने घेण्यापाशी. घरच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक बदलता असतो, केबलवाल्यांकडे तर बहुतेक वेळा एकच क्रमांक अनेक घरांत वाटलेला असतो. स्पॅमहाउससारख्या संस्था असल्या घरगुती क्रमांकांची यादीच ठेवतात आणि तिथून थेट आलेली पत्रे पुष्कळ सर्व्हर घेत नाहीत. म्हणजे घरातल्या कपाटावर ठेवलेल्या छोट्या संगणकावरून काम होत नाही. न्युर्नबेर्ग किंवा फाल्केनस्टाइनसारख्या ठिकाणच्या संगणककेंद्रात सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. महिन्याला काही युरोंत तो मिळतो. पण तिथेही भामट्यांच्या भीतीने पत्रे बाहेर पाठवायचा दरवाजा सुरुवातीला बंद असतो. हेट्झनर कंपनीच्या क्लाउडवर, उदाहरणार्थ, पहिले बिल भरल्यावर अर्ज करून तो उघडून घ्यावा लागतो.

त्यानंतर ओळखपत्रांचे काम येते. डोमेनच्या नोंदीत तीन गोष्टी लिहायच्या. एसपीएफ म्हणजे आमच्या घरची पत्रे कोणता पोस्टमन आणील त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. डीमार्क म्हणजे यादी आणि मोहोर जुळली नाही तर पत्राचे काय करावे याची सूचना. शिवाय सर्व्हरच्या क्रमांकावरून उलट शोधले तर आपलेच नाव निघाले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पत्र पाठवणाऱ्या सर्वांसाठीच यातल्या काही गोष्टी सक्तीच्या केल्या, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही नोंदी.

इतके करूनही दार उघडेलच असे नाही. टेलिकॉमच्या टी-ऑनलाइन सेवेची रीत प्रसिद्ध आहे. अनोळखी सर्व्हरची पत्रे ती घेत नाही. आपण कोण, संपर्क कुठे करायचा हे उघडपणे मांडून आधी परवानगी मागावी लागते. इथली कितीतरी वयस्क मंडळी, घरमालक, मुलांचे संगीतशिक्षक यांचे पत्ते टी-ऑनलाइनचेच असतात. तिथे निदान नकार लेखी मिळतो. त्याहून वाईट म्हणजे पत्र गुपचूप स्पॅमच्या कप्प्यात पडणे. आपण घराच्या चौकशीचे उत्तर धाडले, मालकाने ते पाहिलेच नाही, घर दुसऱ्याला गेले. आपल्याला शेवटपर्यंत वाटत राहणार की त्याने आपले आडनाव पाहून नाकारले. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा संशय फार छळतो, आणि तो खरा की खोटा हे कळायलाही मार्ग नसतो.

घरात एकच जाणता

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा याहून साधा आहे. ज्या घरात स्वतःचा सर्व्हर चालतो, त्या घरात त्याचे गुपित बहुधा एकाच माणसाला ठाऊक असते. उन्हाळ्याच्या सुटीत सगळे कोल्हापूरला गेले आणि सर्व्हरची डिस्क भरली, तर हा माणूस लग्नघरातल्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसतो, हे एक वेळ चालेल. त्याची चेष्टा करू आणि सोडून देऊ. पण तोच आजारी पडला तर? इस्पितळाची, विम्याची, नोकरीच्या मालकाची पत्रे ज्या पेटीत येणार ती उघडायची युक्ती फक्त त्याच्या डोक्यात, आणि तो अतिदक्षता विभागात. बायकोने कोणाला फोन करायचा? पैसे घेणाऱ्या कंपनीला निदान पत्र लिहिता येते, तिथे रजेवर गेलेल्याच्या जागी दुसरा माणूस असतो.

त्यापुढचाही विचार करावाच लागतो. १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. हे न्यायालयही कार्ल्सरूहलाच आहे. मृत मुलीच्या फेसबुक खात्यावर तिच्या आईवडिलांचा वारसाहक्क न्यायालयाने मान्य केला. डायरी आणि पत्रे जशी वारसांकडे जातात तसेच खातेही जाते, असा त्याचा आशय आहे. पण तो निकाल मिळेपर्यंत त्या आईवडिलांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. हक्क असणे वेगळे आणि पासवर्ड हाती असणे वेगळे.

पैसे दिले की काय मिळते

आता दुसरी बाजू. बर्लिनची पोस्टेओ ही कंपनी २००९ पासून चालते, तिची पेटी महिन्याला १ युरोपासून मिळते, जाहिराती नाहीत. मात्र स्वतःचे डोमेन तिथे जोडता येत नाही, हे लक्षात ठेवा. बर्लिनचीच मेलबॉक्स डॉट ऑर्ग ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिथे स्वतःचे डोमेन जोडता येते. हानोफरची टुटा पत्रे कुलूपबंद ठेवण्यासाठी नावाजलेली. तिच्या पैसे भरून घ्यायच्या योजनांत डोमेन चालते, पण थंडरबर्डसारख्या नेहमीच्या प्रोग्रॅममधून तिथली पत्रे उघडत नाहीत. दर बदलतात, तेव्हा घेण्याआधी स्वतः पाहून घ्यावेत. साधारण हिशेब असा की डोमेन आणि पेटी मिळून घराला वर्षाला चाळीस-पन्नास युरो पडतात. स्वतःच्या सर्व्हरचाही खर्च जवळपास तेवढाच होतो, वर आपले शनिवार-रविवार जातात ते वेगळेच.

खासगीपणाबद्दल मात्र कोणी भाबडी समजूत करून घेऊ नये. पोस्टेओ आपल्या ग्राहकांच्या जोडणीचे क्रमांक मुद्दाम नोंदवत नसे. तपासयंत्रणेने मागितल्यावर प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१८ च्या निर्णयात, जो जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, कंपनीला ते द्यावे लागतील असे ठरले. पैसे दिले म्हणून कायदा दाराबाहेर थांबत नाही. न्याय म्हणून दुसऱ्या बाजूचेही सांगतो : जीमेलने जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर चाळण्याचा प्रकार २०१७ मध्ये बंद केला. आणि आपण आपली पेटी बर्लिनला ठेवली काय किंवा स्वयंपाकघरात ठेवली काय, पुण्यातल्या भावाची पेटी गूगलकडेच असेल तर आपल्या पत्राची प्रत तिथे जाणारच.

मग हौशी मंडळींनी काय करावे? त्यांची हौस आम्हाला मोडायची नाही. उलट अशी माणसे मंडळात आहेत याचा अभिमानच आहे. त्यांनी घरचे फोटो, पंचांग, भजनाच्या ध्वनिफिती यांच्यासाठी सर्व्हर जरूर चालवावा. श्टुटगार्टच्या कंपनीचे नेक्स्टक्लाउड त्यासाठी उत्तम आहे. तो एक दिवस बंद पडला तर कोणाचा व्हिसा अडत नाही. मेलचाच सर्व्हर चालवायचा असेल तर दुसरे डोमेन घेऊन त्यावर खुशाल हात साफ करावा. घराचा मुख्य पत्ता मात्र प्रयोगाला लावू नये.

करायची कामे

पुढच्या सुटीच्या दिवशी घरातल्या दोघांनी मिळून इतके करावे.

१. डोमेन घ्यावे, आणि ते कुटुंबातल्या माणसाच्याच नावावर नोंदवावे. मदत करणाऱ्या मित्राच्या नावावर नको. पैसे दरवर्षी आपोआप जातील अशी व्यवस्था करावी. 'डॉट डे' चे नाव सुटले तर ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर कोणीही ते घेऊ शकतो, आणि मग आपली पत्रेही त्याच्याकडे जातात.

२. स्वतःचे डोमेन चालणारी पैशाची सेवा घ्यावी. आईवडील, मुले यांना एकाच डोमेनवर वेगवेगळ्या पेट्या देता येतात.

३. जुना पत्ता लगेच मोडू नये. निदान वर्षभर तिथली पत्रे नव्या पत्त्यावर वळवावीत आणि यादी करून एकेक ठिकाणी बदल कळवावा : दोन्ही देशांतल्या बँका, क्रांकेनकासे, फिनान्सआम्ट, शाळा, घरमालक, पासपोर्टची कामे, नातेवाईक. त्यानंतरही अधूनमधून ते खाते उघडत राहावे. याहूने २०१३ मध्ये वर्षभर पडून असलेली नावे दुसऱ्यांना वाटली होती, हे विसरू नये.

४. पत्रांची एक प्रत घरी ठेवावी. थंडरबर्डमध्ये सगळी पत्रे उतरवून ती वेगळ्या डिस्कवर ठेवली की कंपनी राहो वा जावो, पत्रे आपली. हे विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांसाठी करावे. डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकू लागले आहे. गेलेल्या आईने नातवाला लिहिलेली पत्रे अशा खात्यात असतील तर ती आजच उतरवून घ्या.

५. डोमेन कुठे, पेटी कुठे, पैसे कोणत्या खात्यातून जातात आणि पासवर्ड काय, हे कागदावर लिहून पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवावे. आणि ज्याला यातले काही कळत नाही असे म्हणतात, त्यानेच एकदा त्या कागदावरून पेटी उघडून पाहावी. उघडली नाही तर कागद पुन्हा लिहावा.

ज्या सभासदांना डोमेन जोडताना अडचण येईल त्यांनी पुढच्या बैठकीला लॅपटॉप आणि ओळखपत्र घेऊन यावे. चहाच्या वेळात आपल्यातले दोघे-तिघे मदतीला बसतील. पासवर्ड मात्र ज्याचा त्यानेच टाइप करायचा आहे. आणि जाता जाता एक विनंती : घर बदलले असेल तर नवा पत्ता कळवा आणि पेटीवर नावाची चिठ्ठी लावा. गेल्या अंकाच्या काही प्रती आमच्याकडे परत आल्या आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.